कान धुण्याची पाच मिनिटं

मी आयुष्यात नवस बरेच बोलले. काही फेडले, काही देवानेच माफ केले असावेत, कारण पुढे त्याने कधी त्यांची आठवण करून दिली नाही. पण रोज दुपारी चार ते पाच तोंडातून एक शब्द काढायचा नाही, हे व्रत मी धरलं तेव्हा तुझ्या काकांनी हातातला पेपर खाली ठेवला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे चाळीस वर्षांपूर्वी सुचलं असतं तर?”

मी काही बोलले नाही. चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

सोमवारपासून तू वहिनीच्याच दुकानात कामाला लागतेस, म्हणून आज तुला हे सांगायचं आहे. बस अशी, दिव्याजवळ. वात जरा पुढे करते. घाबरवायचं म्हणून सांगत नाही गं. ज्या गोष्टीसाठी तुझी मावशी रोज देवापुढे हात जोडते, तिला भीतीची गोष्ट कशी म्हणू? मात्र सांगताना अंगावर काटा येतो. आजही येतो, आणि तो मी लपवणार नाही.

दुकान तू बाहेरून पाहिलं आहेस. खाली कापड, मधल्या मजल्यावर भांडी आणि काचसामान, वर पलंग, गाद्या, चादरी, पडदे. माझी सून, म्हणजे तुझी वहिनी, वरच्या मजल्यावर कामाला. माझा मुलगा लांब कुठेतरी पुलाच्या कामावर, महिन्यातून एकदा घरी येणार. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा चार माणसांत जाईन म्हणाली, तेव्हा मीच म्हटलं, जा खुशाल, चिमणीला मी बघते. माझ्या त्या नातीला तेव्हा नुकती तीन वर्षं पूर्ण झाली होती. तिचं खरं नाव मोठं आहे, ते शाळेसाठी राखून ठेवलंय.

दुकानात दिवसभर छतातून धून वाजायची. शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही. बासरीसारखं काहीतरी, पण त्यात फुंकर मारणाऱ्याचा श्वास कुठे सापडायचा नाही. मालकाला कुणीतरी पटवलं होतं की संथ धून लावली की गिऱ्हाईक संथ चालतं, आणि संथ चालणारं गिऱ्हाईक चार वस्तू जास्त उचलतं. असेलही तसं. पण गिऱ्हाईक अर्ध्या तासाने निघून जातं. धून बावीस मिनिटांची होती. संपली की स्वतःचीच शेपटी धरून पुन्हा सुरू, सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत.

कामावरची माणसं तिला ‘जातं’ म्हणायची. सकाळी पहिला सूर निघाला की कुणीतरी म्हणायचं, चला, जातं सुरू झालं, पडा आत. वहिनी पहिले काही महिने या गोष्टी हसून सांगायची. खालचे शिलाईमास्तर कात्री त्याच ठेक्यावर चालवायला लागले होते. एकदा ठेका थांबेना म्हणून त्यांचा हात थांबेना आणि गिऱ्हाइकाचं कापड वीतभर जास्त कापलं गेलं. काचसामानवाली घरी गेली की नळाखाली फडकं पसरायची, थेंबाचासुद्धा आवाज नको म्हणून. तिच्या नवऱ्याने म्हणे विचारलं, मी श्वास घेतलेला चालेल ना?

मग वहिनीचं हसणं कमी झालं. नंतर सांगणंही. ती गुणगुणायला लागली. कपड्यांच्या घड्या घालताना, केस विंचरताना, झोपेत. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं. बरोबर बावीस मिनिटांनी तिने श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. हाक मारली तर बघायची, पण आपण काचेपलीकडून बोलावं तशी. डॉक्टरांनी कान तपासले. कान ठणठणीत होते. ऐकलेलं आत पोचत नव्हतं, एवढंच.

एका संध्याकाळी चिमणी पायरीवरून पडली. कोपर सोललं. टाहो फोडून रडली पोर. मी मागच्या खोलीतून धावत आले, तर तिची आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती, पाठमोरी. दोरीवर ओला टॉवेल पसरत होती आणि गुणगुणत होती. टॉवेलाची एक सुरकुती तिने नीट सरळ केली. मग दुसरी.

आईला आपल्या लेकराचं रडणं ऐकू येऊ नये, याहून भयंकर मी तोपर्यंत घरात काही पाहिलं नव्हतं.

नोकरी सोड, असं मी त्याच दिवशी सांगितलं. ती हाताच्या बोटांकडे बघत म्हणाली, “सोडेन आई. पण घरी बसले तरी ते वाजतच असतं ना.”

त्या रात्री मी देवापुढे बसले. म्हटलं, हिच्या कानांत जे भरलंय ते रिकामं कर. बदल्यात माझा आवाज घे, रोज एक तास. ज्या दिवशी ही पोरीच्या एका हाकेला मान वळवेल, त्या दिवशी फेडलं असं मी समजेन. कुणाला कारण सांगितलं नाही. एक छोटी वही आणि पेन्सिल मात्र पिशवीत ठेवायला लागले, कारण तुझ्या काकांना काहीही विचारायचं झालं की ते नेमकं चार ते पाचमध्येच आठवायचं.

व्रताचा एकोणिसावा दिवस. दुकानाची साप्ताहिक सुट्टी होती, पण वरच्या मजल्याची मांडणी बदलायची म्हणून वहिनीला आणि आणखी दोघातिघांना बोलावलं होतं. ती गेली आणि चष्मा घरीच विसरली. किमतीच्या चिठ्ठ्या बारीक अक्षरात असतात, चष्म्याशिवाय ती करणार काय? काका दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. म्हणून मी चिमणीचं बोट धरलं आणि निघाले. पोचलो तेव्हा चार वाजायला थोडी मिनिटं होती. दारावरच्या माणसाशी जे बोलायचं ते बोलून घेतलं, चष्मा दाखवला, त्याने बाजूचं छोटं दार उघडलं. आत पाऊल टाकलं आणि कुठेतरी घड्याळात चार पडले.

बंद दुकान तू कधी आतून पाहिलं नसशील. समोरच्या शटरमुळे सगळा मजला करडा झालेला. कापडाचे तागे जाड फडक्यांखाली झाकलेले, माणसं झोपली आहेत तसे. नव्या कापडाच्या खळीचा आणि साठलेल्या धुळीचा वास. गिऱ्हाईक नाही, बोलणं नाही, आणि तरी छतातून ती धून चालूच. यंत्राला सुट्टी माहीत नव्हती. त्याची किल्ली मालकाकडे असायची. भरल्या दुकानात ऐकतो तेव्हा ती आपल्याला गोड वाटते. रिकाम्या जागेत मात्र मला वाटलं, ही आपल्यासाठी वाजत नाहीये. कुणाला तरी गप्प बसवायला वाजतेय.

जिन्याने वर गेलो. मधल्या आणि वरच्या मजल्याच्या मधे, जिना वळतो तिथे, काचेची एक लहान खोली आहे. तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

वहिनी पडद्यांच्या मागे पाठमोरी बसून चिठ्ठ्या लावत होती. मी चष्मा समोर धरला. तिने घेतला, घातला, आणि पुन्हा खाली बघायला लागली. चिमणीने तिची बाही ओढली. “आई, मी आले.” पुन्हा ओढली. “आई.” तिसऱ्या वेळी चिमणी काही म्हणाली नाही. तिने बाही सोडली आणि हात मागे घेतला. तो लहानसा हात मागे जाताना मी पाहिला, आणि तोंड बंद ठेवणं त्या दिवसाइतकं मला कधी जड गेलं नाही.

डोळे भरून आले म्हणून मी खिडकीकडे वळले. किती वेळ? माझा चष्मा काढून पुसला, नाक पुसलं. वळून पाहिलं तर चिमणी नव्हती.

आधी वाटलं, असेल इथेच. हाक मारायची नाही, तर शोधायचं. पलंगांच्या मधून फिरले, पडदे बाजूला केले, टेबलांखाली वाकले. माझी चूक इथेच झाली बघ. दुसरी कुणीही बाई असती तर पहिल्या क्षणाला ओरडली असती. मी व्रताला जपत बसले. मग वाटलं, जिन्याने खाली तर गेली नाही? मी मधल्या मजल्यावर उतरले. काचसामानाच्या रांगा. प्रत्येक काचेत एक एक मी, घाबरलेली. चिमणी कुठेच नाही. धून आता त्या जागेला आली होती जिथे ती थोडी वर चढते...

पुन्हा जिना चढताना ठरवलं, गेलं व्रत खड्ड्यात, देवा माफ कर. तोंड उघडलं. आणि त्याच वेळी जिन्याच्या वळणावर, काचेच्या खोलीत, एक बाई बसलेली दिसली.

वयाने माझ्याएवढी. खांद्यावर करडी शाल, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं. मग त्याच बोटाने माझ्या पिशवीकडे दाखवलं.

पिशवीत वही आहे हे तिला कसं कळलं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. बुडणारा माणूस दोरी कुणाची आहे हे विचारत नाही. मी वहीचं पान फाडलं, लिहिलं: मुलगी हरवली आहे. वय तीन. लाल स्वेटर, दोन वेण्या. काचेला खाली हात जाईल एवढी फट असते ना, तिच्यातून पान आत सरकवलं. आतून थंड हवा आली. बोळात पावसाळ्यात येते तशी ओली... तिने चष्मा डोळ्यांवर चढवून सावकाश वाचलं. जणू असली कितीतरी पानं तिने वाचली होती. मान हलवली. समोरच्या माईकवर नखाने तीनदा टकटक केलं.

टक. टक. टक.

आणि धून थांबली.

किती वर्षांनी ते दुकान दिवसा गप्प झालं असेल. शांतता अशी उतरली की पायाखालचा जिना मला नव्याने जाणवला. खाली कुठेतरी पाण्याचा नळ ठिबकत होता तो ऐकू आला. दारावरचा माणूस खोकला. आणि वर... वर एकटीच कुणीतरी गुणगुणत होती. धून थांबली होती तरी ती थांबली नव्हती. दोन सूर, तीन सूर. मग तिचं तिलाच ऐकू गेलं असावं, कारण मधेच तुटल्यासारखं ते थांबलं.

पुढचं वहिनीने नंतर सांगितलं. एक पलंग विक्रीला मांडायचा होता, खाली सामान ठेवायची पेटी असलेला. तिचं झाकण दाखवण्यासाठी उघडं ठेवलेलं. मी मधल्या मजल्यावर असताना तिने ते, आत न बघताच, दाबून बंद केलं होतं. गड्यांनी वर गादी टाकली होती आणि ते गोदामात गेले होते. आणि धून थांबली तेव्हा ती त्या गादीवर चादर अंथरत होती, दोन्ही तळव्यांनी सुरकुत्या काढत. त्या शांततेत तिला प्रथम स्वतःचं गुणगुणणं ऐकू आलं आणि लाज वाटली. मग तळव्यांखाली काहीतरी लागलं.

टक. टक. टक.

“माझ्या हातांखाली वाजत होतं, आई,” ती मला म्हणाली. “माझ्या हातांखाली.”

तिची किंकाळी ऐकून मी वर धावले. तिने एकटीने गादी भिरकावली होती, ती दोन गडी उचलतात. झाकण उघडलं. आत चिमणी, घामाने चिंब, ओठ निळसर, डोळे उघडे. वहिनीने तिला छातीशी घेतलं तेव्हा पोर एवढंच म्हणाली, अगदी बारीक आवाजात, “आई.”

आणि वहिनी म्हणाली, “ओ, बाळा. ओ. ओ.”

किती वेळा ओ दिली तिने. राहिलेल्या सगळ्या हाकांना एकदम दिली असेल. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मोठमोठ्याने देवाचं नाव घेतलं. घड्याळात चार पंचवीस झाले होते. व्रत मोडलं की फेडलं, हा हिशेब मी त्याच्यावरच सोडला आहे. थोड्या वेळाने छतातून धून पुन्हा सुरू झाली. पण चिमणी आईच्या कानाशी रडत होती, आणि आईला फक्त तेच ऐकू येत होतं.

त्या बाईचे पाय धरावेत म्हणून मी जिन्याच्या वळणावर गेले. खोलीला कुलूप होतं. गंजलेलं. काचेतून पाहिलं तर आत जमिनीपासून छतापर्यंत खोकी रचलेली. खुर्ची ठेवायला जागा नव्हती, माणूस बसायची गोष्ट सोड.

तिथल्या सुपरवायझरांना तू भेटशीलच. पांढऱ्या मिशा, मऊ बोलतात. मी त्यांना त्या बाईचं वर्णन सांगितलं. शाल सांगितली, चष्म्याची दोरी सांगितली. ते मान डोलावत ऐकत होते. मी नखाने कठड्यावर तीनदा टकटक केलं तेव्हा मात्र त्यांनी कठडा धरला.

“माईकबाई,” ते म्हणाले.

यंत्र यायच्या आधी त्या खोलीत माईकबाई बसायची. गाणी तीच लावायची, रोज वेगळी, आणि दुकानातल्या सूचना तीच द्यायची. कुणाचं मूल हरवलं की कागदावर लिहून घ्यायची, तीनदा टकटक करून पुकारायची, आणि सापडलं की त्याच कागदावर वेळ टाकून ‘सापडलं’ असं लिहायची. शिवाय दर तासाला ती पाच मिनिटं सगळं बंद ठेवायची. माईकवर म्हणायची, कामावरच्या मंडळींनी कान धुऊन घ्या. गिऱ्हाईक हसायचं. पण ती पाच मिनिटं मिळायची म्हणून माणसं दहा तास उभी राहायची, असं सुपरवायझर म्हणाले. मालकाने यंत्र आणलं आणि बाईंना घरी पाठवलं. वर्षाच्या आत ती बहिणीकडे वारली. सुपरवायझर शेवटी तिला भेटायला गेले होते, तर त्यांना न ओळखताच तिने विचारलं, “सापडली का हो ती?” कोण ती, हे त्यांना आठवेना.

मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, बाई, तू कुणीही असशील, माझ्या घराचा दिवा तू राखलास. त्या दिवसापासून दिवा लावताना तिच्या नावाने एक वात जास्त लावते. ही बघ, ही तिची.

वहिनी हळूहळू परत आली. पंधरा दिवस घरी राहिली, आणि मग स्वतःहूनच कामावर गेली, कारण दुकानात एक गंमत सुरू झाली होती. दर तासाला पाच मिनिटं धून आपोआप बंद पडायची. मालकाने कारागीर आणला, यंत्रात दोष नाही. यंत्र बदललं. नवंही बरोबर तासाला थांबलं. शेवटी मालक म्हणाला, थांबतंय तर थांबू दे. शिलाईमास्तर त्या पाच मिनिटांत कात्री खाली ठेवून नुसते बसतात. काचसामानवालीने नळाखालचं फडकं काढलं. तिचा नवरा म्हणे, आता श्वास मोकळेपणाने घेतो.

इथवर सगळं ऐकून तुला वाटेल, गोष्ट संपली. मलाही वाटलं होतं.

एका सकाळी मी चिमणीच्या वेण्या घालत होते. सहज विचारलं, तू त्या पेटीत का गं शिरलीस? म्हणाली, आई मला शोधते का ते बघायला. माझा हात थांबला. मग म्हटलं, आत भीती वाटली असेल नाही? खूप ओरडलीस का?

“नाही. ताई म्हणाली, आत्ता नको. गाणं आहे ना, ऐकू नाही येत. गाणं थांबलं की वाजव. असं.” आणि तिने माझ्या गुडघ्यावर तीनदा टकटक केलं.

मला वाटलं, माईकबाईच ती. म्हटलं, ताई नव्हे सोने, आजी म्हणायचं. शाल होती ना तिच्या अंगावर?

“नाही गं. छोटी ताई. पिवळा फ्रॉक होता. माझ्या शेजारी झोपली होती.” थोडा विचार करून म्हणाली, “तिला खूप दिवस झाले.”

बंद पेटी. वर गादी. त्या अंधारात फ्रॉकचा रंग हिला कसा दिसला, ते मी विचारलं नाही. उरलेली वेणी घातली, रिबीन बांधली, आणि चिमणी खेळायला पळाली. लहान मुलं काहीही बोलतात, असं मी मनाला सांगितलं. मन मुकाट्याने ऐकतंय असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात सुपरवायझरांचा निरोप आला. काचेची खोली मोकळी करायची ठरली होती, तेव्हा तुम्ही या म्हणाले. कुलूप तोडलं, खोकी बाहेर काढली. मागे टेबल, टेबलावर माईक, त्याची वायर कापलेली. माईकखाली कागदांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला. सगळ्यात वर माझ्या वहीचं पान. माझं अक्षर, मुलगी हरवली आहे. आणि खाली दुसरं अक्षर, गोल, सुबक: ४.२३. सापडली.

मी ते पान कपाळाला लावलं. रडले, ते समाधानानेच.

सुपरवायझर गठ्ठा चाळत होते. मुलगा, वय चार, निळी टोपी. सापडला. जुळ्या बहिणी. सापडल्या. किती घरांचे दिवे त्या बाईने राखले होते. प्रत्येक पानावर वेळ, प्रत्येक पानावर ते सुबक अक्षर. माझ्या पानाच्या खालचंच एक पान मात्र हातात धरून ते बसून राहिले. तिच्या कामाच्या शेवटच्या दिवसाचं होतं. त्यांना आता आठवलं. एक आई धावत आली होती. माईकबाईंनी कागदावर लिहून घेतलं, माईकवर टकटक केलं, पण यंत्र बसवणाऱ्यांनी तोवर वायर कापली होती. माईकबाई जिन्यात उभी राहून नुसत्या गळ्याने ओरडली. नवं यंत्र चालू करून बघत होते. धून मोठी होती. ती आई शोधत शोधत बाहेर गेली ती परत आली नाही. मूल बाहेर सापडलं असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं.

पानावर लिहिलं होतं: मुलगी. वय पाच. पिवळा फ्रॉक.

खालची जागा कोरी होती.

आम्ही काही कमी शोधलं नाही. त्या दिवशी वरच्या मजल्यावरची प्रत्येक पेटी, प्रत्येक कपाट उघडून पाहिलं. काही नव्हतं. असणार कसं? चिमणीवाला पलंग तर त्याच महिन्यात कारखान्यातून आलेला. पोर बाहेर सापडली असेल, मोठी झाली असेल, असं मीही मानते. देवावर माझा विश्वास आहे. पण ते पान मी त्यांना फेकू दिलं नाही. टेबलाच्या खणात आहे. मी महिन्यातून एकदा जाते आणि खालची जागा बघून येते.

तुलाही वरचाच मजला दिलाय असं वहिनी म्हणाली. चांगली माणसं आहेत, घाबरू नकोस. व्रत मी अजून सोडलेलं नाही, आता ते उपकारांचं आहे. तूही एवढंच व्रत धर, मावशीसाठी. तासाला धून थांबली की बोलू नकोस, हसू नकोस, फोन हातात घेऊ नकोस. पाच मिनिटं कान मोकळे ठेवून उभी राहा. आणि कुठून टकटक ऐकू आलं, तर जे झाकण असेल ते उघड. आत कुणी दिसलं नाही तरी घाबरून लावून घेऊ नकोस. वाक, आणि मायेने म्हण, सापडलीस गं बाळा.